शरणपूरची मंडळी आणि मोंबासाची सोयरीक

नाशकात शरणपूर रोड माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. कॅनडा कॉर्नर, महापालिकेचं राजीव गांधी भवन, थंडीत स्वेटर घ्यायला तिबेटी मार्केट, सगळं या एका रस्त्यावर. पण ज्याच्या नावानं रस्ता पडला ते शरणपूर काय होतं, असं विचारलं की उत्तर येतं, "ख्रिश्चन लोकांची वस्ती आहे ना तिकडं?" मी त्या वस्तीतली. आमचं सेंट अँड्र्यूज चर्च, रविवारची उपासना, 'उपासना संगीत'मधली गीतं, उपासना सुटल्यावर गेटपाशी म्हाताऱ्यांना करायचा सलाम, यात मी वाढले. आमच्या मंडळीतली कितीतरी घराणी एकेकाळी समुद्रापार निघून गेली आणि त्यांनी तिकडं केवढं काम उभं केलं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून मी ते जमेल तिथं सांगत असते. आज लिहायला बसले आहे.

इंग्रजीत शरणपूरवर जे छापलं गेलंय त्यात दोनच तऱ्हेची माणसं भेटतात, गाव वसवणारे पाद्री आणि आफ्रिकेत मोहिमा काढणाऱ्या लिव्हिंग्स्टनसाहेबाचे नोकर. मला ते पटत नाही. ज्यांचे बाप्तिस्मे इथं झाले, लग्नं इथं लागली, ज्यांनी इथल्या वर्कशॉपमध्ये रंधा मारला, ती माणसं आमच्या मंडळीची होती. त्यांची गोष्ट घरच्या माणसांची म्हणूनच सांगायला हवी.

सुरुवात अगदी लहान आहे. चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची संस्था. आमच्याकडची जुनी माणसं तिला नुसतं 'सी.एम.एस.' म्हणायची. तिचे लोक नाशकात १८३२ पासून होते. पहिल्या फळीतले फॅरर पाद्री. (त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा पुढे कँटरबरीचा डीन झाला आणि त्या डीनच्या मुलीचा मुलगा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला फील्ड मार्शल माँटगोमेरी.) नाशिक हे तीर्थक्षेत्र, गोदाकाठचं गाव. इथं कुणी ख्रिस्ती झाला की त्याच दिवशी त्याचं घर सुटायचं, जात सुटायची, धंदा सुटायचा आणि पाणवठाही सुटायचा. अशा माणसानं राहायचं कुठं, खायचं काय? विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्रीसाहेबानं १८५४-५५ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेला, तेव्हाच्या मोकळ्या रानात एक खेडं वसवलं. नाव बायबलमधल्या शरणपुरांवरून ठेवलं. घरं, शेतजमीन, शाळा, अनाथ मुलांचं वसतिगृह, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारी उद्योगशाळा, आणि या सगळ्याच्या मधोमध प्रार्थना. गावात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आपलं गणगोत मागं टाकून आलेला. त्यामुळे या गावात आजोबा-पणजोबा सांगणारं घराणं सुरुवातीला एकही नव्हतं. घराणी इथं घडली.

आणि मग आफ्रिकेतली मुलं आली.

पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं धरून आणायची, झांजीबारच्या बाजारात विकायची, तिथून गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणी आखाताकडं न्यायची, हा व्यापार एकोणिसावं शतक निम्मं उलटलं तरी जोरात होता. ब्रिटिश आरमार अशी गलबतं पकडायचं आणि सुटका झालेल्यांपैकी काहींना मुंबईत आणून उतरवायचं. मोठी माणसं कामाला लागायची. लहान मुलांचं काय करायचं हा प्रश्न होता. ज्यांची गावं जाळली गेली, ज्यांना आपल्या गावाचं नाव धड सांगता येत नाही, अशी आठ-दहा वर्षांची पोरं परत पाठवणार कुठं? १८६० पासून त्यांतली पुष्कळशी मुलंमुली शरणपूरला यायला लागली. त्यांच्यासाठी वेगळं 'आफ्रिकन असायलम' निघालं. त्याची देखरेख काही काळ आयझेनबर्ग या जर्मन पाद्रीकडं होती. हा माणूस आधी हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात होता, तिथून त्याला घालवून दिलं गेलं, आणि त्याआधीच्या कामातून त्यानं अम्हारिक भाषेचा शब्दकोश रचला होता. आफ्रिकेतून आलेल्या मुलांची बडदास्त ठेवायला आफ्रिका पाहिलेलाच माणूस मिळाला, हे त्या मुलांचं थोडं तरी नशीब.

बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांना नावं मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरर, जेम्स डाइमलर. आडनावांकडं नीट बघा. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरर, डाइमलर हे सगळे पाद्री. ज्याला बापाचं नाव सांगता येत नाही त्याला पाद्र्याचं आडनाव. मूळ नावं बहुतेकांची पुसली गेली. मॅथ्यू वेलिंग्टन नावाच्या मुलाचं मूळ नाव चेंग्विंबे होतं हे आपल्याला माहीत आहे, कारण तो खूप जगला आणि म्हातारपणी त्यानं ते स्वतः सांगितलं. बाकीच्यांचं कुणी विचारलं नाही. मला याचा राग येतो. प्राइससाहेबाबद्दल मनात आदर आहे, त्यानं या मुलांना जगवलं, हाताला काम दिलं. पण एका वहीत एक जादा रकाना आखून मूळ नाव लिहून ठेवायला किती शाई लागली असती?

मुलं मोठी झाली. याओ, मकुआ, न्यासा सरोवराकाठचे, असे वेगवेगळ्या मुलखांतले हे जीव आता एकाच वर्गात मराठी, हिंदुस्थानी आणि इंग्रजी शिकत होते, मराठी ख्रिस्ती मुलांच्या मांडीला मांडी लावून. लग्नाचं वय झालं तशी त्यांची लग्नंही लागली. विल्यम जोन्सची बायको जेमायमा, इश्माएल सेमलरची ग्रेस. या मुलीही गुलामीतूनच सुटून मिशनच्या छायेत वाढलेल्या. दोन्हीकडं मागं कुणी नाही, रीतीभाती सांगणारं कुणी वडीलधारं नाही. 'प्रार्थना पुस्तक' उघडून पाद्री विधी वाचणार, दोघं वचन देणार आणि उद्यापासून संसार. मंडळीतल्या बायांनी त्या पोरींच्या डोक्यावरून हात फिरवले असतील, असं मी धरून चालते. आमच्या बाया लग्नाच्या दिवशी कुणाला एकटं सोडत नाहीत.

१८६४ मध्ये जॉर्ज डेव्हिड, जोन्स आणि सेमलर हे तिघं आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या राबाई गावी गेले. तिथं रेबमन नावाचा म्हातारा होत चाललेला जर्मन मिशनरी एकटा मिशन चालवत होता आणि त्याची नजर अधू होत होती. त्याला हाताखाली माणसं हवी होती. ही आमच्या मंडळीची पहिली पाठवणी.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८६५ मध्ये, डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशकात आला. त्याला शेवटच्या मोठ्या मोहिमेसाठी माणसं हवी होती. शरणपूरचे नऊ जण त्याच्याबरोबर निघाले. इथं एक घोटाळा दूर करते, कारण नाशकातही तो सर्रास होतो. लिव्हिंग्स्टनचा प्रसिद्ध सोबती चुमा हा शरणपूरचा नव्हे. तो मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत होता. आमचे ते नऊ वेगळे, आणि लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्याबद्दल बरेच कडवट शेरे आहेत. आळशी आहेत, पळून गेले, वगैरे. विशी-बाविशीतली ही पोरं सुतारशाळेत आणि वर्गात वाढलेली. त्यांना दलदलीतून, तापातून, उपासमारीतून महिनोन्‌महिने चालवलं. काही जण सोडून गेले यात नवल ते काय? त्याच नवांतले एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल कुंबा, ज्याला सगळे मबरुकी म्हणायचे, हे दोघं १८६६ पासून लिव्हिंग्स्टनच्या मरणापर्यंत त्याच्यासोबत होते. सात वर्षं! शेरे वाचणाऱ्यांनी हेही वाचावं.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनला मदत म्हणून पाठवलेल्या तुकडीत शरणपूरचे आणखी सहा जण होते. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फॅरर, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन. यांतल्या जेकबजवळ मला जरा थांबायचं आहे.

मे १८७३. आजच्या झांबियातलं चितांबोचं गाव. लिव्हिंग्स्टन झोपडीत, गुडघ्यांवर प्रार्थनेच्या अवस्थेत मेलेला सापडला. त्याच्या माणसांनी ठरवलं की देह समुद्रापर्यंत न्यायचा. मरणाची बाधा गावाला होते अशी समजूत असलेल्या मुलखातून प्रेत घेऊन जायचं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या पेटीत घातली आणि एका मोठ्या झाडाखाली पुरली. देहात मीठ भरून तो उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवला, वरून शिडाचं कापड शिवलं. आणि त्या झाडाखाली, पेटी पुरताना, दफनविधी वाचायला सांगितलं ते जेकबला. 

अँग्लिकन प्रार्थना पुस्तकातला तो विधी मी मराठीतून किती वेळा ऐकलाय. "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ." माझ्या आजीच्या वेळी ऐकला, आईच्या वेळी ऐकला, मूठभर माती टाकताना प्रत्येक वेळी ऐकला. जेकबनंही तो शरणपुरात, असायलममधल्या कुठल्यातरी पोराला माती देताना ऐकला असणार. पुस्तक उघडून कुठलं पान काढायचं हे त्याला माहीत होतं. मग त्यानं त्याच झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचं नाव आणि तारीख कोरली. बॅगांत, पेट्यांत काय काय आहे याची यादीही त्यानंच केली.

पुढे सुमारे नऊ महिने चाल. वाटेत टाबोराला कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथंच पुरून टाका. यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला समुद्रावर पोचले. जेकब देहाबरोबर बोटीनं इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदेकरी म्हणून जे आठ जण होते त्यांत एक तो होता. बाकी सात गोरे साहेब, त्यांत लिव्हिंग्स्टनला शोधून काढणारा स्टॅन्ली आणि त्याचा जुना सहकारी कर्क. जेकबनं त्या प्रवासाची रोजनिशी इंग्रजीतून लिहिली. ती टिकली, आणि आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. अक्षर नेटकं, शाळेत गिरवून घेतलेलं. शुद्धलेखनात चुका असतील, पण ओळ वाकडी नाही. इतकी वर्षं इंग्रज लेखकांनी त्याला बढाईखोर ठरवून बाजूला सारलं. ती पानं पाहिल्यावर मला एवढंच दिसतं की मालक मेल्यावर, जंगलात, चालून चालून दमलेला एक तरुण रोज रात्री बसून लिहीत होता. तो १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

इकडं शरणपुरात १८७४ हे साल मोठं ठरलं. आदल्या वर्षी मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर झांजीबारला जाऊन सुलतानाशी बोलणी करून आला होता, आणि जून १८७३ मध्ये तिथला गुलामांचा बाजार कायद्यानं बंद झाला. आता सुटणाऱ्या माणसांना मुंबईला आणण्यापेक्षा तिकडंच वसवावं, असं ठरलं. त्यासाठी सी.एम.एस.नं कुणाला पाठवलं? शरणपूर वसवणाऱ्या प्राइससाहेबालाच. त्यानं मोंबासा बेटासमोर जमीन घेतली, फ्रियर टाउन नावाचं गाव आखलं आणि त्या गावाला सुतार, लोहार, शिक्षक, कारकून हवेत म्हणून नाशिक-मुंबईकडून सुमारे १५० आफ्रिकन ख्रिस्ती तिकडं गेले.

माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची. शाळेत पाटावर पाट लावून बसायचे ते एकदम विरळ झाले. वर्कशॉपची ठकठक कमी झाली. गाण्यात खालचा सूर धरणारे पुरुष गेले, त्यामुळे कितीतरी रविवार गीतं उघडी पडल्यासारखी वाटायची. मला हा शेवटचा तपशील फार खरा वाटतो. मंडळीतून माणसं गेली की आधी गाण्यात कळतं. आजही आमच्याकडं दोन घरं पुण्याला गेली तर नाताळच्या गीतांना कळतं.

फ्रियर टाउनमध्ये या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायला लागले. त्यांचं तिकडं सोपं नव्हतं. स्थानिक लोकांना ते परके, कोटपँट घालणारे. गोऱ्या मिशनऱ्यांना ते शिकलेले, उलट बोलणारे, बरोबरीचा पगार मागणारे. शिकवून मोठं करायचं आणि मोठं झाल्यावर जागा दाखवायची, हा अनुभव आपल्याकडच्या देशी पाळकांनाही काही कमी आला नाही. तरी त्यांनी गाव उभं केलं. तिथली घंटा, जी गुलाम धरणारे आले की धोक्याचा इशारा म्हणून वाजवायचे, ती मोंबासात आजही चौकात उभी आहे.

विल्यम जोन्स राबाईला होता. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि सेमलरला दीक्षा देऊन डीकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीचा सेवक, केलं. त्याच वर्षी बिशप युगांडाकडं निघाले, जोन्सला बरोबर घेऊन. वाटेत मोठा काफिला जोन्सच्या हवाली केला आणि स्वतः पन्नासेक माणसं घेऊन पुढं गेले. ऑक्टोबरच्या शेवटी युगांडाच्या राजाच्या हुकुमानं बिशप आणि त्यांची बहुतेक माणसं मारली गेली. बातमी जोन्सपर्यंत पोचली तेव्हा त्याला खरं वाटेना. महिनाभर वाट पाहून तो उरलेली माणसं घेऊन फिरला. फेब्रुवारी १८८६ मध्ये काफिला राबाईला पोचला, तेव्हा सगळ्यांत पुढच्या माणसाच्या हातात निळं निशाण होतं. निळा रंग तिकडं सुतकाचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'ईखाबोद'. बायबलातल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात आहे तो. कराराचा कोश, म्हणजे इस्राएलाची पवित्र पेटी, शत्रू पलिष्ट्यांनी नेला हे कळताच एली याजकाची सून बाळंत झाली आणि तिनं मुलाचं नाव ईखाबोद ठेवलं, कारण इस्राएलाचं वैभव गेलं. धर्मगुरू गेला, माणसं गेली, आणि जोन्सला सांगायला लांबलचक निरोप नव्हता. त्यानं एक नाव शिवून पुढं धरलं. बायबल एवढं मुरलेलं असायला ते लहानपणीच कानावर पडावं लागतं. ते कुठं पडलं हे आम्हाला माहीत आहे.

याच जोन्सनं राबाईत आणखी एक काम केलं. मालकांकडून पळून आलेले गुलाम मिशनच्या आसऱ्याला यायचे. कायद्यानं त्यांना ठेवता येत नव्हतं, वरिष्ठांनाही ते नको होतं. जोन्सनं त्यांना ठेवून घेतलं. १८८८ मध्ये मालक चिडून उठले, तेव्हा मोजणीत राबाई आणि आसपासच्या ठाण्यांवर असे सुमारे १,४०० जण निघाले. अखेर ब्रिटिश कंपनीनं मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ ला त्या सगळ्यांना सुटकेचे कागद मिळाले. जोन्सला यावरून ऐकून घ्यावं लागलं. पण तो स्वतः लहानपणी विकला गेलेला माणूस. दारात आलेल्याला परत पाठवणं त्याच्यानं कसं होणार? जोन्स आणि सेमलर दोघंही १८९५ मध्ये पूर्ण दीक्षित पाळक झाले.

मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंग्विंबे, मोंबासात १९३५ पर्यंत जगला. माझी आजी तेव्हा शाळेत जात होती. म्हणजे शरणपूरच्या शाळेत शिकलेला, लिव्हिंग्स्टनचा देह खांद्यावर वाहिलेला माणूस आणि माझी आजी हे काही वर्षं एकाच जगात होते. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते.

इकडं उरलेल्या मंडळीचं पुढं काय झालं ते फार नाट्यमय नाही. मराठी घराणी राहिली, शिक्षक झाली, नर्स झाली, रेल्वेत गेली, सरकारी नोकरीत गेली. शहर पसरत पसरत गावापर्यंत आलं आणि गाव शहरात विरून गेलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला उत्तर भारतातली वेगवेगळी चर्चं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा आम्हीही अँग्लिकन न राहता सी.एन.आय.चे झालो. उपासनेची चाल मात्र घरातल्या जुन्या लोकांच्या तोंडात तीच राहिली.

आता माझं मागणं. शरणपूरशी नातं असलेल्या घरांत अजून जुने दाखले असतात. बाप्तिस्म्याचे, दृढीकरणाचे, लग्नाचे. कौटुंबिक बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांनी जन्ममृत्यू लिहून ठेवलेले असतात. ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, पॉलिथीनमध्ये गुंडाळून. कृपा करून ते काढा, उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. साक्षीदारांच्या सह्या कापू नका, खरी माहिती तिथंच असते. मला शोधायची आहेत ती आडनावं ही: जोन्स, सेमलर, डेव्हिड, डाइमलर, वेनराइट, रटन, फॅरर, गार्डनर, वेलिंग्टन. साक्षीदार म्हणून, बाप्तिस्म्याला धर्ममातापिता म्हणून, कुठंही. तुमच्या पणजीच्या बाप्तिस्म्याला जेमायमा किंवा ग्रेस उभी राहिली असेल तर ते मला कळवा. राबाईच्या मंडळीत या घराण्यांचे वंशज आहेत. त्यांना पाठवायला आपल्याकडं काहीतरी कागद हवा, मी तो गोळा करायला घेतला आहे.